धरणे आणि सोडणे : नैसर्गिक वायू कोरडा करणाऱ्या ग्लायकोलची गोष्ट

नैसर्गिक वायू जमिनीच्या पोटातून वर येतो तो ओला असतो. वायू आणि ओला, हे शब्द एकत्र ऐकायला विचित्र वाटतात. पण श्रावणातल्या हवेला आपण सर्रास ओली हवा म्हणतोच. त्या हवेत पाणी दिसत नाही. मात्र फ्रिजमधला तांब्या बाहेर काढून ठेवला की त्याच्या अंगावर थेंब जमतात आणि हवेत किती पाणी होते ते कळते. भूगर्भातल्या वायूचे तसेच आहे. लाखो वर्षे तो खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत पाण्याच्या शेजारी राहिलेला असतो. त्या उष्णतेत आणि त्या दाबाखाली जेवढे पाणी बाष्परूपाने धरता येईल तेवढे धरूनच तो विहिरीच्या मुखाशी येतो.

मी रसायन अभियंता नाही. पदवी वाणिज्य शाखेची, पोटापाण्याचा उद्योग हिशेब तपासण्याचा. गेली काही वर्षे मात्र मुंबईच्या स्वयंपाकघरांत येणारा वायू नेमका कुठून आणि कसा येतो, या प्रश्नाच्या मागे लागून हाताला लागेल ते वाचत आलो आहे : जुनी अभियांत्रिकी हस्तपुस्तके, अपघातांचे चौकशी अहवाल, प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल. या वाचनात विहीर आणि शेगडी यांच्यामधल्या एका टप्प्याने मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले. वायूतले पाणी काढणे हा तो टप्पा. त्यासाठी जगभर जी पद्धत सर्वाधिक वापरली जाते, तिच्या केंद्रस्थानी ग्लायकोल नावाचा एक दाट, रंगहीन, पाण्यासाठी हपापलेला द्रव असतो.

या अभ्यासातून एक गोष्ट मनात पक्की झाली, ती आधीच सांगतो. पाणी धरून ठेवणारा पदार्थ मिळवणे हे यातले सोपे काम आहे. त्याने धरलेले पाणी त्याला पुन्हा सोडायला लावणे, तेही त्याचा नाश होऊ न देता, हे अवघड काम आहे. आणि तो पाणी सोडतो तेव्हा पाण्याबरोबर आणखी काय काय सुटते आणि ते कुठे जाते, हा प्रश्न तर अभियंत्यांपुरता राहतच नाही. तो आपल्यासारख्यांचाही होतो.

पाणी किती?

वायू किती पाणी धरतो हे दोन गोष्टींवर ठरते. तापमान वाढले की त्याची पाणी धरण्याची ताकद वाढते; दाब वाढला की घटते. ३८ अंश सेल्सियसला, आपल्या भोवतीच्या साध्या दाबाखाली, एक घनमीटर वायूत सुमारे ४५ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. तोच वायू वातावरणाच्या सत्तरपट दाबाखाली नेला, तर मूळच्या प्रत्येक घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम पाणी बाष्परूपात टिकते; बाकीचे थेंब होऊन गळून पडते. ओला पंचा पिळावा तसा दाबच वायूला पिळून काढतो म्हणा ना.

हा पिळून उरलेला एक ग्रॅम म्हणजे काय, तर दहा लाख घनमीटर वायूमागे सुमारे एक टन पाणी. दोनशे लिटरची पाच पिंपे. उत्तर अमेरिकेतल्या पाइपलाइनसाठी जी मर्यादा प्रदीर्घ काळ रूढ आहे, तिच्यानुसार यातले सुमारे ११० किलोच पाणी वायूत राहिलेले चालते. म्हणजे पिळून झाल्यानंतर जे उरले, त्यातलेही जवळजवळ नऊ दशांश पाणी काढावे लागते.

हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर ही उठाठेव अनाठायी वाटते. दहा लाख घनमीटर वायूचे वजन सातशे टनांच्या आसपास भरते. सातशे टनांत एक टन पाणी! दूधवाल्याने एवढेच पाणी घातले तर आपण त्याचा सत्कार करू. मग या एका टनाचा एवढा धसका कशासाठी?

न वितळलेला बर्फ आणि कुरतडलेले पोलाद

पहिले कारण विलक्षण आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत लांब पल्ल्याच्या वायूवाहिन्या टाकल्या जात होत्या आणि त्या अधूनमधून तुंबत होत्या. आत बर्फासारखे काहीतरी साचे. आश्चर्य असे की वाहिनीतले तापमान शून्याच्या वर असतानाही हा बर्फ जमे. १९३४ मध्ये हॅमरश्मिट या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने दाखवून दिले की हा साधा बर्फ नव्हेच. हे हायड्रेट आहे. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून एक पिंजरा बांधतात आणि त्या पिंजऱ्यात मिथेनचा रेणू अडकून बसतो. हायड्रेट नावाची गोष्ट शास्त्रज्ञांना नवी नव्हती; हम्फ्री डेव्हीने क्लोरीन आणि पाणी यांच्यापासून असा घनपदार्थ १८१० च्या सुमारास पाहिला होता. सव्वाशे वर्षे तो प्रयोगशाळेतले एक कुतूहल होता. हॅमरश्मिटच्या निबंधाने त्याला कारखान्यात आणून उभे केले.

मिथेनचे हायड्रेट वातावरणाच्या सत्तरपट दाबाखाली दहा अंशांच्या जवळपास तापमानालाही बनू शकते. एक घनमीटर हायड्रेटमध्ये दीडशे घनमीटरांहून अधिक वायू कोंडलेला असतो. वाहिनीत याची गुठळी बसली आणि घाईघाईने एका बाजूचा दाब उतरवला, तर दुसऱ्या बाजूच्या दाबाने ती गुठळी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. २०१० च्या मे महिन्यात मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझनच्या फुटलेल्या विहिरीवर सुमारे दीड किलोमीटर खोलीवर एक प्रचंड पोलादी घुमट उतरवण्यात आला, तेव्हा तो प्रयत्न याच हायड्रेटने हाणून पाडला. घुमटात हायड्रेट साचले, वरची वाट बुजली आणि तेल समुद्रात वाहत राहिले.

आपला अरबी समुद्र उबदार आहे, मग इथे काय भीती? भीती असते ती व्हॉल्व्हपाशी. दाबाखालचा वायू अरुंद वाटेतून एकदम मोकळा झाला की थंड होतो. दाब एक बारने उतरला की तापमान ढोबळमानाने अर्धा अंश उतरते. ७० बारचा वायू २० बारवर आणा, पंचवीसेक अंशांची घसरण होते. बाहेर मे महिन्याचा उकाडा असला तरी त्या व्हॉल्व्हच्या आत पौष महिना असतो.

दुसरे कारण अधिक गुपचूप काम करते. नैसर्गिक वायूत थोडाफार कार्बन डायऑक्साइड असतो, कुठे कुठे हायड्रोजन सल्फाइडही असतो. कोरडे असताना हे दोघे पोलादाच्या वाटेला फारसे जात नाहीत. पाणी मिळाले की एकाचे कार्बोनिक आम्ल होते आणि दुसराही पोलादाला कुरतडू लागतो. वाहिनी जिथे जमिनीच्या उतारामुळे खाली वाकते, त्या खोलगट जागी पाणी साचते आणि तिथली भिंत आतून झिजत जाते. बाहेरून काही दिसत नाही.

१९ ऑगस्ट २००० च्या पहाटे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, कार्ल्सबाडजवळ पेकोस नदीच्या काठी, तीस इंच व्यासाची एक वायूवाहिनी फुटली आणि पेटली. नदीकाठी तंबू ठोकून राहिलेले एकाच गोतावळ्यातले बारा जण गेले. त्यांत लहान मुलेही होती. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. वाहिनीची भिंत आतून झालेल्या क्षरणाने अतोनात पातळ झाली होती, हे अपघाताचे कारण म्हणून नोंदवले गेले. खोलगट जागी साचलेले पाणी, त्यातले क्षार, वायूतले आम्लधर्मी घटक आणि सूक्ष्मजीव यांनी मिळून ते काम केले होते. तो अहवाल वाचल्यापासून सातशे टनांतला एक टन मला नगण्य वाटत नाही.

मिठाला पाणी सुटते तेव्हा

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, गूळ पाघळतो, उघडा राहिलेला मध पातळ होतो. हे पदार्थ हवेतले पाणी ओढून घेतात. वायू कोरडा करायला असाच एखादा पदार्थ हवा, पण तो द्रव हवा, म्हणजे पंपाने फिरवता येईल. त्याला स्वतःला वायूत फारसे मिसळू न देता पाणी घेता आले पाहिजे. आणि घेतलेले पाणी तापवल्यावर परत देता आले पाहिजे.

ग्लायकोल या कसोट्यांना उतरते. हे कुळ पहिल्यांदा तयार केले शार्ल-अडॉल्फ वुर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, १८५० च्या दशकात. ग्लिसरीन आणि अल्कोहोल यांच्या मधला हा पदार्थ, म्हणून दोन्ही नावांचे तुकडे जोडून त्याने ग्लायकोल हे नाव केले. ‘ग्लाय’ या तुकड्याच्या मुळाशी गोड या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि हा द्रव चवीला खरोखरच गोडसर असतो. त्याच्या रेणूच्या दोन्ही टोकांना ऑक्सिजन-हायड्रोजनची एकेक जोडी असते. पाण्याचा रेणूही अशाच जोड्यांचा बनलेला. या जोड्यांमध्ये हायड्रोजन बंध नावाचे आकर्षण असते. ते इतके बळकट असते की वाफेच्या रूपात भटकणारा पाण्याचा रेणू ग्लायकोलपाशी आला की तिथेच रमतो, आणि इतके बळकट नसते की उष्णतेने सुटू नये. मिथेनच्या रेणूला अशी टोके नाहीत; त्यामुळे तो ग्लायकोलला शिवून पुढे निघून जातो.

कुळात भावंडे अनेक. एक दुवा असलेले इथिलीन ग्लायकोल, दोन दुव्यांचे डायइथिलीन, तीन दुव्यांचे ट्रायइथिलीन. वायू कोरडा करण्यासाठी १९३० च्या दशकात आधी डायइथिलीन ग्लायकोल वापरात आले. पुढे ट्रायइथिलीनने त्याची जागा घेतली आणि आजही बहुतेक ठिकाणी तेच आहे. का, याचे उत्तर मजेदार आहे. पाणी धरण्याच्या बाबतीत धाकटे भाऊ काही कमी नव्हते. पण डायइथिलीन १६५ अंशांच्या आसपास तापवले की विघटित होऊ लागते. ट्रायइथिलीन २०६ अंशांपर्यंत तग धरते. जास्त तापवता येते म्हणून त्याच्यातले पाणी जास्त घालवता येते. निवड झाली ती सोडण्याच्या गुणावर.

या कुळाची दुसरी ओळख मुंबईला फार कडवट रीतीने झालेली आहे, ती इथे टाळणे मला बरे वाटत नाही. डायइथिलीन ग्लायकोल पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी करते. दिसायला ते ग्लिसरीनसारखे, चवीला गोड आणि स्वस्त. १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषधात ते द्रावक म्हणून वापरले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे रसायन मिसळलेले ग्लिसरीन दिल्यामुळे चौदा रुग्णांचा मृत्यू झाला; त्याच्या चौकशीसाठी नेमलेला न्यायमूर्ती लेंटिन आयोग अनेकांना आठवत असेल. वायू कोरडा करणारे ट्रायइथिलीन त्या मानाने बरेच सौम्य आहे. तरी वस्तू कामाची असणे आणि ती निरुपद्रवी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे या कुळाबद्दल लक्षात ठेवावे. लेखाच्या शेवटी हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

मनोऱ्यातली चढउतार

आता ही यंत्रणा प्रत्यक्ष पाहू. ती बसवायची कुठे, हे जे वाचवायचे आहे त्यावर ठरते. मुंबईच्या पश्चिमेला दीडशेहून अधिक किलोमीटर अंतरावर मुंबई हाय आहे. तिथे १९७४ मध्ये तेल सापडले आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वर येणारा वायू समुद्राच्या तळावरून उरणला येतो. ही लांबलचक पोलादी वाहिनी समुद्राखाली असल्याने तिची दुरुस्ती म्हणजे मोठेच संकट. म्हणून वायू वाहिनीत शिरण्याआधीच, समुद्रातल्या प्रक्रिया प्लॅटफॉर्मवरच, ग्लायकोलने कोरडा केला जातो.

हजिऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. वसईच्या समुद्रातल्या क्षेत्रातून येणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. हजिऱ्याच्या कारखान्यात तो अमाइन नावाच्या रसायनाच्या पाण्यातल्या द्रावणाने धुऊन काढतात. धुतलेला कपडा ओलाच निघणार. तसा हा वायूही शुद्ध होताना पुन्हा पाण्याने संपृक्त होतो. मग तिथे त्याला पुन्हा ग्लायकोल दाखवावे लागते.

मुख्य भाग म्हणजे एक उभा, जाड भिंतींचा मनोरा. त्याआधी वायू एका विभाजकातून जातो. वायूबरोबर थेंबांच्या रूपात आलेले पाणी, तेल आणि क्षार तिथेच खाली पडावेत, हा हेतू. या पायरीत हयगय झाली तर पुढचे सगळे बिघडते, असे जवळजवळ प्रत्येक हस्तपुस्तक बजावते.

मनोऱ्यात वायू खालून शिरतो आणि वर चढतो. कोरडे ग्लायकोल वरून सोडले जाते आणि खाली उतरते. आत एकावर एक सहा ते बारा ताटे बसवलेली असतात. प्रत्येक ताटात ग्लायकोलचा थर असतो आणि वायू त्यातून बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो. आजकाल ताटांऐवजी घड्या घातलेल्या पत्र्यांचे गठ्ठेही बसवतात. त्यांच्यावरून ग्लायकोल पातळ पापुद्र्यासारखे ओघळते. हेतू एकच : दोघांची गाठ जास्तीत जास्त पृष्ठभागावर पडावी.

उलट दिशांच्या या चालीत सगळी युक्ती आहे. तळाशी सर्वांत ओल्या वायूला ग्लायकोल भेटते ते आधीच बरेच पाणी प्यालेले. पण वायूत पाणी मुबलक असल्याने ते आणखी थोडे घेऊ शकते. वर पोचेपर्यंत वायू जवळजवळ कोरडा झालेला असतो. त्याच्यातले उरलेसुरले पाणी ओढायला तिथे नुकतेच आलेले, सर्वांत कोरडे ग्लायकोल उभे असते. दोघे एकाच दिशेने निघाले असते, तर शेवटी थकलेले ग्लायकोल आणि अर्धवट ओला वायू अशी जोडी बाहेर पडली असती.

आता थोडा हिशेब, कारण तो माझा प्रांत. एक किलो पाणी काढायला साधारण २५ लिटर ट्रायइथिलीन ग्लायकोल फिरवतात. दिवसाला दहा लाख घनमीटर वायू आणि त्यातून सुमारे ८८० किलो पाणी काढायचे, तर दिवसाला २२ हजार लिटर ग्लायकोल फिरले पाहिजे. म्हणजे मिनिटाला पंधरा लिटर, एक बादली. मनोऱ्यातून जाणाऱ्या त्या प्रचंड ओघापुढे ही बादली किती लहान! आणि ती बादलीही खर्च होत नाही. तेच ग्लायकोल पुन्हा पुन्हा फिरते. दहा लाख घनमीटर वायूमागे ग्लायकोलची घट तेराएक लिटरच्या आत राहावी, असा ढोबळ संकेत आहे.

आणखी एक आकडा. वरून सोडलेले ग्लायकोल ९९ टक्के शुद्ध असेल, तर तळाशी पोचेपर्यंत ते साडेपंचाण्णव टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे सगळे काम या तीन-साडेतीन टक्क्यांत होते.

गुऱ्हाळाची कसोटी

भरलेले ग्लायकोल मनोऱ्यातून निघून आधी एका टाकीत येते. तिथे दाब उतरवला की विरघळलेला वायू फसफसून बाहेर पडतो. मग गाळण्या, कोळशाची गाळणी, परतीच्या गरम ग्लायकोलकडून थोडी ऊब, आणि शेवटी रिबॉयलर. इथे ग्लायकोल उकळत ठेवून पाणी वाफेने घालवतात. पाणी १०० अंशांना उकळते, ट्रायइथिलीन २८५ अंशांच्या पुढे. त्यामुळे वाफ निघते ती मुख्यतः पाण्याची. चुकून वर उडालेले ग्लायकोल वरच्या लहान स्तंभात थंड होऊन परत खाली गळते.

ज्यांनी कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना ही जागा ओळखीची वाटेल. काहिलीतल्या रसातले पाणी जाळत न्यायचे, पण रस करपू द्यायचा नाही. गुळव्याची सगळी कसोटी त्या शेवटच्या टप्प्यात. इथेही तसेच. २०६ अंशांना ट्रायइथिलीन विघटित होऊ लागते, म्हणून रिबॉयलर २०४ अंशांच्या वर नेत नाहीत. फरक दोन अंशांचा! जास्त तापलेल्या ग्लायकोलला जळक्या साखरेचा वास येतो, असे जुनी हस्तपुस्तके सांगतात, आणि ग्लायकोलचे कूळ पाहता ते पटते.

वायूबरोबर क्षार आले असतील तर ते रिबॉयलरच्या तापलेल्या नळीवर थर धरतात. थराखालची नळी जागोजाग जास्त तापते आणि तिथले ग्लायकोल करपते. करपलेल्यातून आम्ले तयार होतात, आम्ले यंत्रणेलाच गंजवतात. आधीच्या विभाजकातली हयगय इथे अशी बाहेर येते.

पण अडचण पुढेच आहे. साध्या दाबाखाली २०४ अंशांपर्यंत तापवून ग्लायकोल ९८.५ ते ९८.७ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होते. त्यापुढचे पाणी नुसत्या उष्णतेला दाद देत नाही. आणि वायू किती कोरडा होईल हे तर परतणारे ग्लायकोल किती कोरडे आहे यावरच ठरते. ९८.५ टक्क्यांच्या ग्लायकोलने वायूचा दवबिंदू शून्याच्या आसपास येतो, ९९.९ टक्क्यांचे असेल तर तोच उणे तीसच्याही खाली नेता येतो. शेवटच्या दीड टक्क्यात तीस अंशांचा फरक दडलेला आहे.

हा दीड टक्का मिळवायच्या युक्त्या आहेत. सर्वांत रूढ युक्ती धोब्यालाही ठाऊक असते : वारा सुटला की कपडे लवकर वाळतात. गरम ग्लायकोलमधून थोडा कोरडा वायू बुडबुडत सोडला की तो वाऱ्याचे काम करतो आणि चिवट पाणी उचलून नेतो. काही ठिकाणी रिबॉयलरमध्ये निर्वात निर्माण करून पाण्याला सुटणे सोपे करतात. वायूचे द्रवीकरण करून तो उणे १६२ अंशांवर जहाजात भरायचा असेल, तर एवढेही पुरत नाही. तिथे ग्लायकोल मागे राहते आणि अतिसूक्ष्म छिद्रांचे घन शोषक वापरतात. दाभोळला जहाजाने येणारा द्रव वायू असा परदेशातच कडकडीत कोरडा होऊन आलेला असतो.

पाण्याबरोबर सुटणारे

आता मघाचा प्रश्न. ग्लायकोल पाण्याशिवाय आणखी काय धरते?

मिथेनला ते फारसे विचारत नाही, हे वर आले. पण नैसर्गिक वायूत बेंझीन, टोल्युइन, झायलीन यांसारखे सुगंधी वर्गातले पदार्थ थोड्या प्रमाणात असतात. रासायनिक वर्गाचे नाव सुगंधी. त्यावर जाऊ नये. हे पदार्थ ग्लायकोलमध्ये बऱ्यापैकी विरघळतात. मनोऱ्यात ते पाण्याबरोबर ग्लायकोलमध्ये शिरतात, रिबॉयलरमध्ये पाण्याबरोबर उडतात आणि वाफेबरोबर नळकांड्यातून बाहेर पडतात. बेंझीन माणसात रक्ताचा कर्करोग घडवते, हे आता निर्विवाद आहे.

कित्येक दशके ही वाफ सरळ हवेत सोडली जात होती. पांढरी वाफच तर आहे, पाण्याचीच! १७ जून १९९९ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तेल आणि वायू उत्पादनासाठी जे हवेतल्या विषारी द्रव्यांचे नियम जारी केले, त्यांत ग्लायकोल यंत्रणांच्या या नळकांड्यावर थेट बोट ठेवले होते. वर्षाला सुमारे ९०० किलोपेक्षा कमी बेंझीन सोडणाऱ्या यंत्रणांना त्यातून सूट मिळाली. इतरांना वाफ अडवणे आले. उपाय अवघड नाही. वाफ थंड करून पाणी आणि तेलकट भाग वेगळा काढायचा, आणि जे थंड होत नाही ते रिबॉयलरच्याच ज्वाळेत जाळायचे.

याहून साधा उपाय हिशेबाचा आहे. अनेक ठिकाणी वायूचे उत्पादन वर्षानुवर्षे घटत जाते, पण ग्लायकोलचा पंप पूर्वीच्याच वेगाने चालू राहतो. एका मर्यादेपलीकडे जास्त ग्लायकोल फिरवून वायू जवळजवळ काहीच जास्त कोरडा होत नाही. कारण कोरडेपणा ठरवते ती ग्लायकोलची शुद्धता. मात्र जास्त फिरलेले ग्लायकोल बेंझीन आणि मिथेन जास्त उचलते आणि ते सगळे रिबॉयलरपाशी सोडते. जळणही जास्त लागते. पंप योग्य वेगावर आणला की उत्सर्जन आणि खर्च दोन्ही घटतात. वायूच्या दाबावर चालणारे जुने पंप बदलून विजेचे बसवले तरी बराच मिथेन वाचतो. मिथेन सुटणे म्हणजे विकायचा मालच हवेत सोडणे, आणि तापमानवाढीत भर घालणे, ती वेगळी.

हे सारे इथे मांडण्यामागे एक हेतू आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार आपल्याकडे मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावण्या होतात. किनारपट्टीवर वायूच्या प्रकल्पांची सुनावणी असली की जमीन, मासेमारी, नोकऱ्या यांवर लोक हिरिरीने बोलतात, आणि ते योग्यच आहे. अहवालाच्या जाडजूड बाडात ‘ग्लायकोल डिहायड्रेशन युनिट’ अशी एक ओळ असते. तिच्यापाशी कुणी थांबत नाही. तिथे विचारावेत असे तीन प्रश्न मी वहीत लिहून ठेवले आहेत. रिबॉयलरची वाफ कुठे जाते, आणि तिच्यातले बेंझीन कोण मोजते? उत्पादन घटल्यावर ग्लायकोलचा वेग कमी केला जाईल का, आणि त्याची नोंद कुठे पाहायला मिळेल? वाहिनीच्या खोलगट जागांची आतून तपासणी किती वर्षांनी होणार? हे प्रश्न विचारायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. उत्तरे मात्र अभियंत्यांनी द्यायची आहेत, आणि ती मराठीत देता येतात.